फिंकलरांच्या विमानाची शेपटी

मुलांनो, आधी एक काम करा. पोटावर पालथे पडा. गादीवर नको, गार फरशीवर. आता कल्पना करा की तुम्ही एका विमानाच्या शेपटीत शिरला आहात. विमानात म्हणत नाही मी. विमानात कुणीही बसतं. शेपटीत. तिथं खुर्ची नाही, खिडकी नाही, चहा विचारायला कुणी येत नाही. दोन्ही बाजूंना लाकडाच्या बारीक पट्ट्या आहेत, त्यांच्यावर ताणून बसवलेलं पांढरं कापड आहे आणि त्या कापडातून दुधासारखा उजेड आत येतो आहे. सरसाचा आणि रोगणाचा वास येतो आहे. पुढं सरकाल तसतशी जागा निमुळती होत जाते, गाजराच्या टोकाकडं जावं तशी. तुमच्या हातात छोटा टॉर्च आहे. आणि बाहेर मोठमोठी माणसं श्वास धरून उभी आहेत, कारण तुम्ही आतून एक शब्द म्हणाल तेव्हाच ते विमान जागचं हलणार आहे.

झाली कल्पना? नाक खाजवलं तर चालेल. पण इतक्यात उठू नका. ही गोष्ट ज्या मुलीची आहे, तिला नेमकं तिथंच पोचायचं होतं आणि पोचता येईल असं दिसत नव्हतं.

तिचं नाव वेदिका. पण तिच्याकडं जायच्या आधी आपल्याला जर्मनीला जाऊन यावं लागेल. लवकर येऊ.

शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या एका डोंगराळ खेड्यात फिंकलर नावाचं कुटुंब राहायचं. ते लाकडी पिंपं बनवायचे. फळ्या वाफेवर धरून वाकवायच्या, गोल उभ्या करायच्या आणि बाहेरून लोखंडी कडी ठोकून आवळायच्या. झालं पिंप. म्हाताऱ्या फिंकलरला वाटायचं, आपल्या पोरांनीही जन्मभर हेच करावं. पोरांना, म्हणजे आल्बर्ट आणि त्याची बहीण ओटिलिये यांना, वाटायचं की पिंपाला पंख लावले तर काय होईल.

त्यांनी लावले. लांबट, निमुळतं पिंप केलं, त्याच्यावर कापड ताणलं, पंख जोडले, पुढं एक लहानसं इंजिन बसवलं. आणि ते उडालं. फार लांब नाही, चर्चमागच्या कोबीच्या शेतापर्यंत. पण उडताना आतून खडखड, टंग, खडखड, टंग असा आवाज येत होता. उतरल्यावर आल्बर्टनं शेपटीच्या झाकणातून डोकावून पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. ओटिलियेनं पाहिलं. तिलाही काही दिसलं नाही. मग ओटिलियेची छोटी मुलगी लीझेल, जिला पिंपात लपून बसायची सवयच होती, ती सरपटत आत गेली आणि बाहेर आली ती एक लोखंडी पाना घेऊन. हा तोच पाना, जो चोरीला गेला म्हणून आल्बर्ट सगळ्या गावाशी भांडून बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पान्याचं काय घेऊन बसलात. तर ऐका. विमान वर-खाली आणि डावी-उजवीकडं वळतं ते शेपटीच्या जोरावर. वैमानिक पुढं बसून दांडा ओढतो, त्या दांड्याला बांधलेल्या तारा आतून थेट शेपटीपर्यंत जातात आणि शेपटीची फळी हलते. त्या तारांमध्ये काही अडकलं तर वैमानिक ओढत राहतो आणि शेपटी त्याचं ऐकतच नाही. आकाशात असताना शेपटीनं असं रुसून चालत नाही.

म्हणून फिंकलरांनी नियम केला. कारखान्यातून कुठलंही विमान बाहेर काढण्याआधी एक मूल शेपटीत शिरणार, शेवटच्या टोकापर्यंत जाणार, सगळं बघणार आणि आतूनच, आपल्या घरच्या भाषेत, ओरडून सांगणार की रिकामं आहे. ते ऐकू आल्याशिवाय विमान हलवायचं नाही. मूल केवढं असावं? तर कारखान्यातलं सगळ्यात लहान पिंपाचं कडं घ्यायचं. शेपटीचं झाकणही त्याच मापाचं. त्या दिवशी जे मूल त्या कड्यातून आरपार जाईल ते शेपटी-तपासनीस.

आणि शेपटीत जे सापडेल ते कारखान्यातल्या एका फळीवर मांडून ठेवायचं. त्या फळीवर काय काय नव्हतं. पहिला पाना होता. अर्धा खाल्लेला आणि आता दगड झालेला पाव होता. आल्बर्टचा चष्मा होता, जो तो डोळ्यावर नसल्यामुळं सापडत नव्हता. एका कोंबडीनं शेपटीत घातलेल्या अंड्याचं टरफल होतं. कोंबडी स्वतः तक्रार करत बाहेर आली होती. पुढं महायुद्ध झालं, आणि त्यानंतर जर्मनीत काही वर्षं विमानं बनवायला मनाई होती. तेव्हा फिंकलरांनी पुन्हा पिंपं बनवली. पण सवय मोडू नये म्हणून गावातली मुलं पिंपातच शिरून तपासणी करायची आणि रिकाम्या पिंपातून रिकामं म्हणून ओरडायची. गिऱ्हाईक दचकायचं.

बंदी उठल्यावर पुन्हा विमानं सुरू झाली. कारखाना मात्र कधी मोठा झाला नाही. वर्षभरात जेवढी विमानं तयार व्हायची तेवढी माणसं एका रिक्षात आरामात बसली असती. आल्बर्टची नात हेडविग लहानपणी तपासनीस होती. तिला शेपटीत गावच्या पाटलाची, म्हणजे तिकडं ज्याला महापौर म्हणतात त्याची, दातांची कवळी मिळाली. ती तिथं कशी गेली हे त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. कवळी अजून त्या फळीवर हसत बसलेली असते.

चला, आलो परत. आता बेंगळुरू.

होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत विद्याधरची शेड होती. विद्याधर म्हणजे वेदिकाचा बाबा. माणूस मूळचा निपाणीकडचा, घर राजाजीनगरात, आणि काम लाकडाचं. हेडविगबाईंना विमानाच्या पंखांसाठी लाकडी फासळ्या हव्या होत्या, त्या तो बरीच वर्षं बनवून पाठवत होता. मग हेडविगबाईंच्या गावातली तरुण मंडळी शहरात गेली, हात कमी पडायला लागले, आणि एके दिवशी त्यांनी कळवलं की या वेळी फासळ्या नकोत, अख्खं विमानच बनवा. जर्मनीच्या बाहेर बनणारं फिंकलरांचं ते पहिलं विमान. सोबत एक पार्सल आलं. त्यात ते लोखंडी कडं होतं आणि एक प्रश्न होता: तुमच्याकडं मूल कोण आहे?

वेदिका होती. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या सुमारास, ती त्या कड्यातून अशी सळकन पार झाली की विद्याधरला व्हिडिओ घ्यायला तिला पुन्हा जायला सांगावं लागलं. जर्मनीहून उत्तर आलं की ठीक आहे, तपासनीस नेमली. त्या दिवसापासून वेदिकाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. वर्गात कुणी विचारलं, मोठेपणी काय होणार, की ती सांगायची, मी आत्ताच झालेली आहे. पलंगाखाली, टेबलाखाली, ओट्याखाली शिरून ती सराव करायची आणि खालून 'रिकामं' असा आवाज आला की आजीच्या हातातलं उलथनं उडायचं.

पण जूननंतर ती पोहायला जायला लागली. आणि पोहण्यानं खांद्यांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तिनं सहज म्हणून भिंतीवरचं कडं काढलं आणि डोक्यातून घातलं. ते खांद्यांवर अडलं. तिनं जोर लावला, ते कोपरांपर्यंत आलं आणि तिथं बसलं. वर जाईना, खाली येईना. दोन्ही हात अंगाला चिकटलेले. विद्याधरनं वर ओढलं, मग खाली ओढलं. वेदिकाचा आत्येभाऊ नंदू सहा वर्षांचा होता. तो आधी हसला, मग हसता हसता आडवा झाला. जेवायची वेळ झाली तेव्हा आजीनं, म्हणजे कृष्णाबाईंनी, कड्यासकट नातीला पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं भरवलं. आमटी कड्यावर सांडली.

जेवण झाल्यावर कृष्णाबाईंनी पदर खोचला. त्यांच्या माहेरी बांगड्यांचं दुकान होतं. त्यांनी विद्याधरला बाजूला केलं आणि म्हणाल्या, "सरक. तू दोरखंड ओढल्यागत ओढतोयस. बांगडी कधी सरळ जाते काय? हात वाकवावा लागतो. एक बाजू आधी, दुसरी मागनं."

त्यांनी वेदिकाच्या खांद्यांना खोबरेल चोपडलं, एक हात सोडवून कानाशी उभा केला, दुसरा खांदा खाली दाबला, आणि कडं डोक्यावरून निघून आलं. वेदिकानं तिथल्या तिथं सगळ्यांना शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही. कृष्णाबाई सरी, म्हणजे बरं, म्हणाल्या. विद्याधरनं मान डोलावली. नंदू म्हणाला की त्याच्याकडून चुकून सांगितलं जाऊ शकतं, मग त्याला एक चिक्की मिळाली.

रात्री मात्र वेदिका रडली. कारण पुढच्या विमानापर्यंत ती आणखी वाढणार होती. फिंकलरांच्या शेपटीत जायची तिची ही एकच संधी होती.

घरी खंडेनवमी म्हणायचे, कारखान्यात सगळे आयुधपूजा म्हणायचे. त्या दिवशी बेंगळुरूमध्ये चाक असलेली एकही वस्तू हारावाचून राहत नाही. विमान होसकोटेहून ट्रकनं देवनहळ्ळीला आणि तिथून मालवाहू विमानानं जर्मनीला जायचं होतं. होय, विमान विमानात बसून जाणार होतं. पण ट्रकवाल्यानं आधीच बजावलं होतं की आज पूजा झाल्याशिवाय गाडीची किल्ली फिरणार नाही. म्हणून तपासणीही त्याच दिवशी ठरली, आणि हेडविगबाई आदल्या दिवशी येऊन थांबल्या.

त्या सकाळी टॅक्सीतून उतरल्या तेव्हा आधी टॅक्सीला बांधलेला केळीचा खांब उतरला, मग त्या. सत्तरीच्या, उंच, पांढरे केस कापलेल्या, मोठ्या पंजाच्या. शेडमध्ये त्यांना सगळे हेडविगअक्का म्हणायला लागले आणि त्यांनीही ते नाव म्हणून स्वीकारलं. आत येऊन त्यांनी विमान पाहिलं आणि त्या दारातच थांबल्या. नाकापुढच्या पंख्याला झेंडूचा हार होता, नाकावर विभूतीचे पट्टे होते, कुंकवाचा ठसठशीत टिळा होता आणि दोन्ही पंखांखाली केळीचे खांब उभे होते. विमान एखाद्या नवरदेवासारखं लाजून बसलं होतं. विमानाची जोडणी जिच्या हाताखाली झाली ती भाग्यलक्ष्मी शेजारी पहारा देत होती. तिनं सगळ्यांना ताकीद दिली होती की दोरा बांधा, पण खिळा ठोकाल तर याद राखा.

लिंबं आणायचं काम भाग्यलक्ष्मीचंच होतं. तिनं नेहमीसारखी चार आणली, चाकांखाली ठेवायला. आयुष्यभर तिनं मोटारीलाच लिंबं ठेवलेली. पण विमानाला चाकं तीन असतात. दोन मोठी छातीखाली आणि एक चिमुकलं शेपटीखाली. तीन लिंबं जागेवर गेली. चौथं हातात घेऊन ती क्षणभर उभी राहिली, भटजींनी घंटा वाजवली, तिनं ते लिंबू जवळच उभ्या असलेल्या नंदूच्या हातात दिलं आणि म्हणाली, स्वल्प धर रे, म्हणजे जरा धर. आणि आरतीच्या गडबडीत सगळे ते लिंबू विसरून गेले. तुम्ही विसरू नका.

कोहळा फुटला, चुरमुरे वाटले गेले आणि तपासणीची वेळ झाली.

वेदिकानं रेशमी परकर-पोलकं घातलं होतं, आतून खेळाची विजार घातली होती, आणि खांद्यांना सकाळपासून खोबरेल लावून ती चमकत होती. भाग्यलक्ष्मीनं नाक वर केलं. तिला वास आला. तेल लागलेला खांदा त्या कापडाला घासला तर कापडावरचं रोगण सुटतं, म्हणून शेडमध्ये तेलाला सक्त बंदी होती. तिनं वेदिकाला नळावर नेलं आणि साबणानं खसखसून धुतलं. परत आली तेव्हा वेदिका स्वच्छ, कोरडी आणि घाबरलेली होती.

हेडविगबाईंनी कडं स्वतः आडवं धरलं. वेदिकानं दोन्ही हात वर केले आणि खालून घुसली. डोकं गेलं, हात गेले, आणि खांदे अडले. तिनं श्वास सोडला. पोट आत घेतलं. पोटाचा काही संबंध नव्हता, तरी घेतलं. कडं तसूभरही सरकलं नाही. चुरमुरे चावणारा ट्रकवालाही थांबला.

हेडविगबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी कडं अलगद काढून घेतलं आणि विद्याधरला हळू आवाजात सांगितलं की हे प्रत्येकाचं कधी ना कधी होतं, त्यांचंही झालं होतं, आणि आता दुसरं मूल बघायला हवं. नंदू कड्यातून नुसता पार झाला नाही, परत आला आणि पुन्हा गेला. पण त्याला झाकणापाशी उभं केलं तेव्हा तो मागं सरकला.

"मी नाही जाणार," तो म्हणाला. "आत काहीतरी आहे."

सगळ्यांना वाटलं, अंधाराला भ्यायला. विद्याधर त्याची समजूत घालायला लागला, ट्रकवाला किल्ली खुळखुळवायला लागला. वेदिका मात्र कोपऱ्यात उभी राहून आजीच्या हातांकडं बघत होती. कृष्णाबाई सवयीनं आपल्या बांगड्या मनगटावर पुढं-मागं करत होत्या.

"आजी," वेदिका म्हणाली. "बांगडी. तेलाशिवाय जाते का गं?"

कृष्णाबाई हसल्या. "अगं, लग्नघरात सगळ्यांनाच तेल कुठलं पुरायला? रेशमावरनं जाते की."

हेडविगबाईंना काय चाललं आहे ते कळेना. कृष्णाबाईंनी सांगत बसण्यापेक्षा त्यांना खुर्चीवर बसवलं. आपल्या हातातली एक हिरवी बांगडी काढली, हेडविगबाईंचा फावड्यासारखा पंजा आपल्या मांडीवर घेतला, त्याच्यावरून पदराचं रेशमी टोक ओढलं, अंगठा आत दुमडला, करंगळीची बाजू वाकडी केली, आणि कुणाला काही कळायच्या आत बांगडी त्या मनगटावर होती. काच फुटली नाही, कातडीला ओरखडा नाही. हेडविगबाई आपल्या हाताकडं बघत राहिल्या. मग त्यांनी बांगडी काढून पाहायचा प्रयत्न केला. ती निघाली नाही. (ती अजूनही निघालेली नाही.)

विद्याधरनं घसा साफ करून विचारलं की मूल कड्यातून कसं जायचं याचा काही नियम आहे का. हेडविगबाईंनी बराच विचार केला. जायचं, एवढाच नियम होता. कसं, याबद्दल शंभर वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी कडं पुन्हा हातात घेतलं, आडवं धरलं आणि मान हलवली.

वेदिकानं परकराचा नाडा सोडला आणि परकर खांद्यांवरून वर ओढून मानेशी बांधला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत जांभळं रेशीम, वर डोकं, खाली विजार. ती एखाद्या कापडी वांग्यासारखी दिसत होती. (घरी करून बघाल, तर कापडानंच बघा आणि तोंड उघडं ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावरून कधीही ओढायची नाही.) तिनं एकच हात गळ्यातून वर काढला, कानाला चिकटवून. दुसरा अंगालगत खाली. वरच्या हाताचा खांदा आधी कड्यात घातला, मान कलती केली, मग खालचा खांदा मागं आणि खाली दाबला.

"बोट दुमड, बोट," कृष्णाबाई म्हणत होत्या, जणू त्यांच्यासमोर अख्खी मुलगी नसून एक हात होता.

रेशीम सुळकन सरकलं. कडं छातीवर आलं, कमरेवर आलं, आणि खणखण करत पायाशी पडलं.

भाग्यलक्ष्मीनं अशी शिट्टी मारली की बाहेरचा कुत्रा आत आला. ट्रकवाल्यानं चुरमुरे उधळले. हेडविगबाई हसायला लागल्या आणि त्यांना थांबताच येईना. त्यांनी बांगडीच्या हातानं डोळे पुसले. आणि वेदिका, अजून वांगंच असलेली, टॉर्च घेऊन झाकणातून आत गेली. एक हात पुढं, एक खांदा मागं. सगळ्यात शेवटी तिचे तळपाय दिसले, आणि मग तेही दिसेनासे झाले.

आता तुम्ही फरशीवर आहात ना अजून? मग तुम्हाला ठाऊकच आहे तिला काय दिसलं. दुधासारखा उजेड. लाकडाच्या पट्ट्या. अंगावर येणारा रोगणाचा वास. दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या चकचकीत तारा. ती सरकत गेली. मधल्या जागेत काही नव्हतं. डावीकडं काही नव्हतं. उजवीकडं काही नव्हतं. अगदी टोकाशी, जिथं तार एका छोट्या कप्पीवरून वळते, तिथं टॉर्चचा उजेड पडला आणि काहीतरी पिवळं चमकलं.

"बाबा," ती आतून म्हणाली, "दांडा हलव."

विद्याधरनं वैमानिकाच्या जागेवरचा दांडा ओढला. बाहेर सगळ्यांनी शेपटीच्या फळीकडं पाहिलं. फळी हलली नाही. पुन्हा ओढला. नाही हलली. भाग्यलक्ष्मीनं तोंडावर हात ठेवला. काल संध्याकाळी तिनं तोच दांडा स्वतः हलवून पाहिला होता, आणि तेव्हा फळी लोण्यासारखी फिरली होती.

आत वेदिकानं टॉर्च दातात धरला, हात लांब केला आणि दोन बोटांनी त्या पिवळ्या गोळ्याला टिचकी मारली. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी ते टुणकन उडालं आणि घरंगळत येऊन तिच्या नाकाला लागलं. बाहेर शेपटी अशी फडफडली की कुत्रा भुंकला.

ती उलटी सरपटत बाहेर आली. केसांत धूळ, दातांत टॉर्च, आणि मुठीत एक लिंबू.

मोठ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग सगळ्यांनी खाली पाहिलं, कारण नंदू खाली होता.

"तीन चाकांना मिळालं," नंदू म्हणाला. "शेपटीला कुणी दिलंच नव्हतं. मग मी झाकणातून आत सोडलं." आणि मग, त्याच्या लक्षात आलं की हे सगळं फारच गंभीर झालेलं आहे, म्हणून त्यानं जोडलं, "मी सांगत होतो, आत काहीतरी आहे."

कृष्णाबाईंनी त्याला जवळ ओढून पाठीत एक हलकी चापट मारली आणि लगेच त्याच जागी हात फिरवला. हेडविगबाई गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी ते लिंबू वेदिकाकडून दोन्ही हातांत घेतलं. त्यांनी सांगितलं, विद्याधरनं मराठीत सांगितलं, की हे लिंबू फळीवर जाईल, पान्याच्या शेजारी. कारण पान्यानंतर फिंकलरांच्या शेपटीत विमानाला खरोखर धोक्यात आणणारी वस्तू ही दुसरीच.

पण लिंबू फळीवर टिकणार कसं? ते सडेल, असं ट्रकवाला म्हणाला. भाग्यलक्ष्मीचं म्हणणं, वाळवावं. कृष्णाबाईंनी दोघांनाही वेड्यात काढलं. बरणी घ्या, मीठ घाला, उन्हात ठेवा, म्हणाल्या. मुरलेलं लिंबू तुमच्या त्या कवळीपेक्षा जास्त दिवस टिकेल, आणि वर औषधी असतं. मीठ किती यावरून भांडण लागलं. त्यात मिरची घालावी का, हा दुसरा मुद्दा निघाला. हेडविगबाईंनी विचारलं की मिरची घातली तर काय होईल, आणि सगळे एकदम उत्तर द्यायला लागले. तेवढ्यात ट्रकवाल्यानं इंजिन सुरू केलं, विद्याधरनं मोठं शटर वर सारलं, ऊन आत आलं, आणि चारपाच जणांनी मिळून पंखाखाली हात घातले. चाकांखालची लिंबं चिरडायला आता फक्त एक धक्का हवा होता.

"थांबा," वेदिका म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती तारस्वरात म्हणाली, आणि इंजिन बंद झालं.

शब्द म्हटला गेला नव्हता. एवढ्या आनंदात, एवढ्या गडबडीत, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हेडविगबाईंच्यासुद्धा नाही, आणि त्यांच्या तर घरचाच नियम. त्या लाल झाल्या आणि दोन पावलं मागं सरल्या. विमानावरचे सगळे हात खाली आले.

वेदिकानं हेडविगबाईंच्या हातातलं लिंबू घेतलं. ते नंदूच्या दोन्ही तळहातांवर ठेवलं आणि त्याची दहाही बोटं त्याच्याभोवती मिटवली. जमिनीवरचं कडं उचलून त्याच्या गळ्यात अडकवलं, कारण पुढच्या वर्षी ते त्याच्याच मापाचं असणार होतं. मग तिनं सुटलेल्या परकराची गाठ मानेशी पुन्हा आवळली, एक हात कानाशी उभा केला, दुसरा खांदा स्वतःच मागं दाबला, आणि कुणाचीही मदत न घेता झाकणातून आत शिरली. बाहेर सगळे ऐकत होते. लाकडी पट्ट्यांवर कोपरं घासल्याचा आवाज शेपटीच्या टोकापर्यंत गेला, तिथं थांबला, डावीकडं खरखरला, उजवीकडं खरखरला. आणि मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि संपूर्ण होसकोटेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "रिकामं आहे!"